खोटे यंत्र, खरी संमती

वैद्यकीय संशोधनाच्या क्षेत्रातून अलीकडच्या काळात एक नवे आवाहन कानी येऊ लागले आहे. नैराश्याने त्रस्त असलेल्या प्रौढ व्यक्तींनी एका चाचणीत सहभागी व्हावे, असे ते आवाहन असते. सहभागी होणाऱ्यास कपाळाभोवती बांधावयाची एक पट्टी मिळते, त्याच्या मोबाइलवर एक अ‍ॅप बसवून दिले जाते आणि काही आठवडे घरच्या घरी, ठरवून दिलेल्या वेळी, त्याने मनाचा सराव करावयाचा असतो. पट्टीतील धातूची टोके मेंदूतून उमटणाऱ्या अतिसूक्ष्म विद्युत्‌लहरी टिपतात. अ‍ॅप त्या मोजते आणि लहरी हव्या त्या दिशेने वळल्या की पडद्यावरील चित्र उजळते किंवा एखादा मंजूळ स्वर ऐकू येतो. आरशात पाहून माणूस विस्कटलेले केस सारखे करतो, तसे आपल्याच मेंदूच्या प्रतिबिंबाकडे पाहून मनाची घडी बसवावी, अशी ही कल्पना आहे. तिला ‘न्यूरोफीडबॅक’ असे नाव आहे.

इथवर कोणाचीही हरकत नसते. परंतु संमतिपत्राच्या पुढील पानावर एक वाक्य येते आणि वाचणारा थबकतो. सहभागी व्यक्तींचे, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, दोन गट केले जातील. एका गटास खरा न्यूरोफीडबॅक मिळेल आणि दुसऱ्यास दिसावयास हुबेहूब तसाच, पण नकली. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला कळणार नाही आणि त्याची तपासणी करणाऱ्यालाही कळणार नाही. घरातील वडीलधारी माणसे येथे हमखास विचारतात, की आधीच खचलेल्या जिवाच्या हाती खोटे यंत्र ठेवायचे, ही कसली वैद्यकी? ही फसवणूक नव्हे काय?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र आजच्या प्रयोगशाळेत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधणे अधिक फलदायी ठरते. त्या इतिहासात आपल्याच मातीतील एका धर्मगुरूचे स्थान मोठे आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल.

पासीच्या बागेतील झाड

दोन गटांची तुलना करून सत्य शोधण्याची रीत जुनी आहे. दानिएल आणि त्याच्या सोबत्यांनी राजाच्या पक्वान्नांऐवजी दहा दिवस केवळ शाकाहार व पाणी घेतले आणि त्यानंतर त्यांच्या चेहऱ्यांची इतर तरुणांशी तुलना करण्यात आली, हे आपण जुन्या करारात वाचतो. १७४७ साली ‘सॉल्सबरी’ नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या डॉक्टरने स्कर्व्हीने आजारी असलेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री व लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने बरी झाली.

स्कर्व्हीत हिरड्या सुजतात, अंगावर डाग उठतात. ते डोळ्यांना दिसते. मनाच्या व्याधीत मात्र रुग्णाच्या शब्दांवर भिस्त ठेवावी लागते, आणि त्या शब्दांवर आशेचा व अपेक्षेचा रंग चढलेला असतो. हा रंग वेगळा कसा काढावा, याचा धडा १७८४ साली पॅरिसमध्ये मिळाला.

फ्रान्झ मेस्मर हा डॉक्टर १७७८ मध्ये व्हिएन्नाहून पॅरिसला आला होता. विश्वात एक अदृश्य द्रव भरून आहे, शरीरातील त्याचा प्रवाह अडला की रोग होतो आणि आपण स्पर्शाने व हातवाऱ्यांनी तो मोकळा करू शकतो, असा त्याचा दावा होता. या शक्तीला त्याने ‘प्राणिज चुंबकत्व’ असे नाव दिले. त्याच्या दालनात उमरावांची गर्दी होई. कोणी मूर्च्छित पडत, कोणी हुंदके देत आणि पुष्कळजण बरे वाटल्याचे सांगत. अखेर सोळाव्या लुई राजाने चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते आणि अमेरिकेचे वयोवृद्ध राजदूत बेंजामिन फ्रँकलिनही होते.

पॅरिसजवळच्या पासी येथे फ्रँकलिन यांच्या निवासस्थानी काही प्रयोग झाले. मेस्मरचा शिष्य देस्लों याने बागेतील जर्दाळूच्या एका झाडात चुंबकत्व ‘भरले’. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडाजवळ नेण्यात आले. मुलाला घाम फुटला, डोके दुखू लागले आणि चौथ्या झाडापाशी तो शुद्ध हरपून कोसळला. ते झाड मंतरलेले नव्हतेच! खरे झाड तर त्याच्यापासून दूर होते.

आयोगाचा निष्कर्ष आजही मोलाचा आहे. रुग्ण ढोंग करतात असे त्याने म्हटले नाही. मुलाची मूर्च्छा खरी होती, घाम खरा होता. केवळ त्याचे कारण झाडात नव्हते, मुलाच्या कल्पनेत होते. हे कळले कसे? मुलाचे डोळे बांधले होते आणि बागेत न मंतरलेली झाडेही होती, म्हणूनच ना! आजच्या चाचणीतील नकली यंत्र हे पासीच्या बागेतील न मंतरलेले झाड होय.

कांदोळीचा आब्बे

आयोगाने चुंबकत्वाचा दावा फेटाळला आणि विषय मिटला, असे पुष्कळांना वाटले. परंतु एक प्रश्न तसाच राहिला. नुसत्या कल्पनेने एवढे घडत असेल, तर त्या कल्पनेचाच अभ्यास का करू नये? हा प्रश्न हाती घेणारा मनुष्य गोव्याचा होता.

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देशातील कांदोळी येथे झाला. १७७१ साली ते वडिलांसोबत लिस्बनला गेले, पुढे रोमला त्यांचे धर्मशिक्षण झाले आणि १७८० मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. राणीसमोर प्रवचन करावयास उभे राहिले असता तरुण फादरांची वाचाच बसली, तेव्हा वडिलांनी हळूच कोकणीत कुजबुजून सांगितले की समोर बसलेली ही सगळी नुसती भाजी आहे, ती काप. आणि ते ऐकताच त्यांची जीभ मोकळी झाली, अशी आख्यायिका गोव्यात घरोघरी सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, एका शब्दाने माणसाच्या मनाची अवस्था पालटू शकते हे तीतून नेमके व्यक्त होते.

पुढे फ्रान्समध्ये ते ‘आब्बे फारिया’ म्हणून प्रसिद्धीस आले. १८१३ साली त्यांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रात्यक्षिके सुरू केली. खुर्चीत बसलेल्या व्यक्तीला ते डोळे मिटून चित्त एकाग्र करावयास सांगत आणि मग ठाम स्वरात झोपण्याची आज्ञा देत. त्यांच्याजवळ ना लोखंडी सळ्या होत्या, ना मंतरलेले पाणी. मेस्मरच्या अनुयायांना त्यांनी बजावले की द्रव वगैरे काही नाही. या निद्रेचे कारण निद्रा आणणाऱ्यात नसून निद्रा घेणाऱ्यात आहे. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८१९ साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला.

जिवंतपणी त्यांच्या वाट्याला मुख्यतः हेटाळणी आली. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टर उडवणारे प्रहसनही झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील नान्सी येथील डॉक्टरांनी ‘सूचने’ची उपपत्ती मांडली, तेव्हा कोठे त्यांच्या विचाराचे महत्त्व मान्य झाले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्यांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. त्याच्यासमोरून जाणाऱ्या कित्येकांना ते केवळ एक चमत्कारिक दृश्य वाटते. मनाच्या उपचारात उपकरण किती आणि अपेक्षा किती, हा आजच्या प्रत्येक चाचणीतील प्रश्न ज्यांनी प्रथम स्पष्ट शब्दांत मांडला त्यांतील एक तेथे उभे आहेत, हे ध्यानात ठेवून तो पुतळा पुन्हा एकदा पाहावा.

आब्बे फारियांचे एक विख्यात चरित्र १९२५ मध्ये पोर्तुगालचे मेंदूरोगतज्ज्ञ एगाश मोनिश यांनी लिहिले. याच मोनिश यांनी १९३५ साली मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढील भागातील तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पहिल्या २० रुग्णांचा अहवाल त्यांनी पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि रुग्णांवर पुरेसा काळ नजरही ठेवली गेली नव्हती. तरीही ही शस्त्रक्रिया जगभर पसरली, १९४९ मध्ये मोनिश यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि हजारो माणसांच्या व्यक्तिमत्त्वाला कायमची इजा झाली. ज्याने अपेक्षेच्या सामर्थ्याचा इतिहास लिहिला, त्यालाच आपल्या शोधाच्या बाबतीत अपेक्षेपासून सावध राहता आले नाही. विद्वत्ता हे या बाबतीत संरक्षण नव्हे. संरक्षण आहे ते चाचणीच्या शिस्तीत.

येना, लोणावळा आणि मेंदूच्या लहरी

आता मेंदूलहरींकडे वळू. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. तरुणपणी लष्करी सरावात ते घोड्यावरून पडून मरता मरता वाचले. त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला अनामिक भीती वाटली आणि वडिलांनी खुशालीची चौकशी करणारी तार पाठवली. या घटनेने त्यांना झपाटले. मनातील ऊर्जा मेंदूतून बाहेर पडते काय, याचा शोध ते वर्षानुवर्षे घेत राहिले. ती ऊर्जा काही सापडली नाही, परंतु १९२४ साली त्यांनी मानवी मेंदूच्या विद्युत्‌लहरींची पहिली नोंद केली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटून शांत बसले असता सेकंदाला सुमारे दहा आंदोलने असलेली जी लहर उमटते, तिला त्यांनी ‘अल्फा’ म्हटले. आरंभी कोणी विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी पडताळा घेतल्यावर जगाने मान डोलावली.

योगायोग असा की त्याच १९२४ साली आपल्याकडे लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगाचे शरीरावरील परिणाम उपकरणांनी मोजण्यास आरंभ केला. पुढे १९६१ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूलहरींवर निबंध प्रसिद्ध केला. ध्यानस्थ योग्यांच्या अल्फा लहरी बाहेरच्या आवाजाने वा स्पर्शाने विचलित होत नाहीत, असे त्यांत नमूद होते. मनाच्या सरावाने मेंदूच्या लहरींवर ताबा मिळवता येईल, या विचाराला अशा निरीक्षणांनी बळ दिले.

बर्गर यांच्या जीवनाचा शेवट मात्र विषण्ण करणारा आहे. त्यांना स्वतःलाच नैराश्याचा विकार जडला होता आणि १ जून १९४१ रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. त्यांना नाझी राजवटीचा बळी समजण्याची प्रथा पुष्कळ वर्षे होती. नंतरच्या संशोधनाने वेगळे चित्र पुढे आणले. ते येना येथील ‘आनुवंशिक आरोग्य’ अपील न्यायालयाचे सदस्य होते. १९३३ च्या नाझी कायद्यान्वये ही न्यायालये माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचे निर्णय देत. त्या कायद्यात नमूद केलेल्या व्याधींत मानसिक विकारही होते, आणि जर्मनीत सुमारे ४ लाख लोकांना ती सक्ती भोगावी लागली. माणसाच्या मेंदूत प्रथम डोकावणारा, स्वतः मनाने व्याधिग्रस्त असलेला हा विद्वान इतर व्याधिग्रस्तांच्या संमतीविना त्यांच्याविषयी निर्णय देत होता. न्यूरोफीडबॅकचा इतिहास सांगताना हे पान वगळून चालणार नाही.

मांजरांपासून माणसापर्यंत

लहरी नोंदणे एक आणि त्या वळवणे दुसरे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो येथे जो कामिया यांनी एक साधा प्रयोग केला. डोळे मिटून बसलेल्या व्यक्तीने, घंटा वाजताच, आपल्या मेंदूत या क्षणी अल्फा लहर आहे की नाही ते सांगावयाचे. उत्तर बरोबर की चूक ते तिला लगेच कळवले जाई. काही दिवसांतच लोकांची उत्तरे बव्हंशी अचूक येऊ लागली. पुढे ती लहर हेतुपुरस्सर आणण्याचाही सराव झाला. १९६७ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना विशिष्ट लहर उमटताच दूध देऊन ती वाढवावयास शिकवले. नंतर रॉकेटच्या इंधनातील हायड्राझिनचा विषारी परिणाम तपासताना त्यांच्या ध्यानी आले की शिकवलेल्या मांजरांना झटके उशिरा येतात. येथून अपस्माराच्या उपचाराची दिशा मिळाली. मांजराला कसलीही आशा नव्हती, यंत्रावर श्रद्धा नव्हती. म्हणून या प्रयोगाला विशेष वजन प्राप्त झाले.

मग व्हायचे तेच झाले. १९७० च्या दशकात अमेरिकेत अल्फा लहरींचे वेड पसरले आणि घरगुती यंत्रे विक्रीस आली. अल्फा म्हणजे शांती, अल्फा म्हणजे जणू समाधी! त्याच दशकात विल्यम प्लॉटकिन यांनी दाखवून दिले की यंत्रासमोर बसलेल्यांना येणारी ती आनंदानुभूती लहरीपेक्षा अपेक्षेवर आणि सूचनेवर अधिक अवलंबून असते. कांदोळीच्या फादरांनी दीडशे वर्षांपूर्वी हेच सांगितले होते.

नैराश्याकडे हा उपचार वळला तो १९९० च्या दशकात. मेंदूच्या पुढील भागात डाव्या व उजव्या बाजूंच्या अल्फा लहरींत जो असमतोल आढळतो त्याचा उदासीनतेशी संबंध आहे, या उपपत्तीवर पीटर रोझेनफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरावाची पद्धत बसवली. मोजक्या रुग्णांत उत्साहवर्धक फळ दिसले. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण झाले, तेव्हा मात्र हा असमतोल नैराश्याची खूण म्हणून फारसा भरवशाचा नाही असे दिसून आले.

दोन शहरे, दोन उत्तरे

ताज्या इतिहासातील दोन चाचण्या शेजारी ठेवल्या की सगळा विषय उलगडतो. दोन्ही चाचण्यांत कपाळपट्टीऐवजी मेंदूच्या आतील रक्तप्रवाह दाखवणारे मोठे एमआरआय यंत्र वापरले होते, तत्त्व तेच.

पहिली चाचणी अमेरिकेतील टल्सा शहरात झाली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. औषधे न घेणाऱ्या ३६ नैराश्यग्रस्तांनी आयुष्यातील सुखद प्रसंग आठवावयाचे आणि पडद्यावरील पट्टी वर न्यावयाची. १९ जणांची पट्टी भावनांशी निगडित अशा अमिग्डाला या भागाशी जोडलेली होती. १७ जणांची पट्टी भावनांशी संबंध नसलेल्या दुसऱ्या भागाशी. पहिल्या गटात १२ जणांची लक्षणे निम्म्याहून अधिक घटली, दुसऱ्या गटात केवळ दोघांची. खऱ्या सरावाचा गुण आला असेच कोणीही म्हणेल.

दुसरी चाचणी वेल्समधील कार्डिफची. ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती पूर्ण करणाऱ्या ३२ रुग्णांपैकी एका गटाने मेंदूतील भावनिक भागांचा सराव केला, तर दुसऱ्याने स्थळे व देखावे ओळखणाऱ्या भागाचा. लक्षणांत सरासरी ४३ टक्के घट झाली, १२ जण जवळजवळ व्याधिमुक्त झाले. परंतु दोन गटांत फरक आढळला नाही! मग गुण कशाचा? मनावर ताबा मिळवता येतो या अनुभवाचा? आस्थेने विचारपूस करणाऱ्या माणसांचा? की काळाचा? दुसरा गट नसता तर ४३ टक्के हा आकडा जाहिरातींत झळकला असता आणि हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नसता.

अन्य व्याधींतही असेच घडले आहे. मुलांच्या अवधानदोषावर न्यूरोफीडबॅकची एक मोठी अमेरिकन चाचणी १४४ मुलांवर झाली. २०२१ च्या तिच्या अहवालात दोन्ही गटांची प्रगती दिसली, पण खऱ्याचे नकलीपेक्षा अधिक फळ दिसले नाही. न्यूरोफीडबॅक नसलेल्या, परंतु मोबाइलवरून नैराश्यावर उपचार करणाऱ्या एका अ‍ॅपला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये परवानगी दिली. त्यासाठी ३८६ जणांच्या चाचणीत नकली अ‍ॅपशी तुलना केली गेली होती. तेथेही नकली अ‍ॅप वापरणाऱ्यांना बराच आराम पडला आणि खऱ्याची सरशी थोडक्याने झाली.

तेव्हा नकली यंत्र ही सहभागी व्यक्तीची फसवणूक नव्हे. पुढे बाजारात येणाऱ्या यंत्रासाठी पैसे मोजणाऱ्या, त्याच्या भरवशावर कदाचित औषधे सोडून देणाऱ्या हजारो कुटुंबांची फसवणूक टाळण्याचा तो उपाय आहे. मात्र यास एक अट आहे: नकली यंत्र मिळण्याचा संभव आहे, हे आधी स्पष्ट सांगितले गेले पाहिजे आणि ते समजून माणसाने होकार दिला पाहिजे.

होकाराची किंमत

ही अट आज सहज वाटते, पण ती फार उशिरा आणि फार यातनांनंतर आली. १९४८ साली प्रसिद्ध झालेली क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटिश चाचणी आधुनिक पद्धतीचा आदर्श मानली जाते. तिच्यातही आपण चाचणीत आहोत हे रुग्णांना सांगितले गेले नव्हते. अमेरिकेतील टस्किगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना नुसते पाहत राहिले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. नैराश्यावरील पहिल्या प्रभावी औषधांपैकी एक, इमिप्रामिन, स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलांड कून यांनी शोधले आणि १९५७ मध्ये जाहीर केले. असंख्य लोकांना त्याने दिलासा दिला. परंतु त्या रुग्णालयात इतरही अनेक द्रव्ये रुग्णांना न सांगता देऊन पाहिली जात, हे २०१९ मध्ये इतिहासकारांच्या अहवालाने उघड केले.

नाझी डॉक्टरांवरील खटल्याच्या निकालातून १९४७ मध्ये न्यूरेम्बर्ग संहिता निघाली. माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे, हे तिचे पहिले कलम. १९५२ च्या सप्टेंबरात मज्जासंस्थेच्या अभ्यासकांच्या परिषदेपुढे बोलताना पोप बारावे पायस यांनी हीच मर्यादा घातली: रुग्णाच्या संमतीवाचून डॉक्टरला अधिकार नाही आणि समाजाच्या हितासाठीही व्यक्तीला साधन म्हणून वापरता येत नाही. १९६४ मध्ये हेलसिंकी घोषणापत्र आले. त्याची नवी सुधारित आवृत्ती २०२४ ची आहे. भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये नैतिक मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ९९ व्या कलमाने मनोरुग्णावरील संशोधनासाठी मुक्त व माहितीपूर्ण संमती बंधनकारक केली.

सहभागी होण्यापूर्वी

या इतिहासाच्या प्रकाशात, अशा चाचणीत नाव नोंदवू इच्छिणाऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. चाचणीची सार्वजनिक नोंद झाली आहे काय? नैतिकता समितीने तिला मान्यता दिली आहे काय? नकली गट आहे काय, आणि त्यातील लोकांना शेवटी खरा उपचार मिळणार की नाही? चालू असलेली औषधे व समुपदेशन चालू ठेवता येईल काय? स्वतःच्या डॉक्टरला विचारल्याविना एकही गोळी बंद करू नये. अचानक औषध तोडल्याने मोठा अपाय होऊ शकतो. मध्येच जीवनाविषयी वैताग दाटून आला, तर रात्री-अपरात्री कोणाला फोन करावयाचा? अ‍ॅप स्वतः काही ऐकत नाही. त्यामागे माणूस आहे काय, ते पाहावे. मेंदूलहरींची नोंद कोणाकडे राहणार, ती विकली जाणार काय? कारण न देता केव्हाही बाहेर पडण्याची मुभा आहे काय? या प्रश्नांची उत्तरे देण्यास जो संशोधक कंटाळतो, त्याच्या चाचणीत जाऊ नये.

घरच्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्या कुटुंबांत नैराश्य अजूनही लपवले जाते. ते श्रद्धेचे उणेपण समजले जाते. वास्तविक ख्रिस्तसभेनेही या बाबतीत वाटचाल केली आहे. आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारणारे १९१७ च्या धर्मसंहितेतील कलम १९८३ च्या संहितेत उरले नाही, आणि गंभीर मानसिक अस्वास्थ्यामुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते हे कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथाने १९९२ मध्ये नमूद केले. तेव्हा चाचणीत जावे की न जावे हा प्रश्न नंतरचा. आधी डॉक्टरकडे जावे. शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे, हेही घरात सर्वांना माहीत असावे.

अशा चाचणीत जो केवळ बरे होण्याच्या आशेने जातो, त्याच्या पदरी निराशा येण्याचा संभव आहे. कारण कोणते यंत्र खरे गुण देते हे ठाऊक नाही, म्हणूनच तर चाचणी असते. जो हे जाणून जातो, त्याचे तसे नाही. त्याच्या वाट्याला नकली पट्टी आली, तरी ती कपाळाला बांधून त्याने नियमाने केलेला सराव आणि दर आठवड्याला प्रामाणिकपणे भरलेली प्रश्नावली यांवाचून खऱ्या यंत्राची किंमत कोणालाच ठरवता आली नसती. पुढे कोणत्यातरी गावी, त्याच व्याधीने खचलेला कोणी अनोळखी माणूस योग्य उपचार घेईल किंवा व्यर्थ खर्चातून वाचेल. त्या माणसासाठी याने काही आठवडे दिले. तसे ते द्यावेत की नाहीत, हे ठरवण्याचा अधिकार मात्र सर्वस्वी त्याचा स्वतःचा आहे, आणि तो त्याच्या हाती देण्यासाठी जगाला १९४७ पर्यंत वाट पाहावी लागली, हे त्याने सही करताना ध्यानात ठेवावे.